बंदरची वेळ

“सतरा कलमे!” दिवाणसाहेबांनी रॅकेट काखेत धरली आणि माझे निवेदन हातावर तोलून पाहिले. “आठल्ये, इतक्या कलमांत राज्ये खालसा होतात. तुमची हरकत आहे ती फक्त एका तासाला.”

“तासाला हरकत नाही, साहेब. तो कुठून आणला, याला आहे.”

टेनिसचे मैदान बंदर कचेरीच्या मागे होते. माघातली संध्याकाळ होती, साल १९३८. कचेरीच्या घड्याळात सात वाजले होते आणि चेंडू अजून स्वच्छ दिसत होता, कारण ते सात मुळात सहाच होते. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून आमच्या संस्थानातली यच्चयावत घड्याळे दिवाण बिजूरसाहेबांच्या हुकुमाने एक तास पुढे सारलेली होती.

संस्थानाचे नाव सांगत नाही. एकेचाळीस गावे, एक बंदर आणि एक टेनिसचे मैदान एवढ्या ऐवजाचे नाव आता नकाशालाही आठवत नाही. बिजूरसाहेब विलायतेत तीन वर्षे राहून आले होते. तिकडे उन्हाळ्यात घड्याळे पुढे करतात आणि लोकांना लांबलचक उजेडाची संध्याकाळ मिळते, हे त्यांनी पाहिले होते. तिकडे उन्हाळ्यात सूर्य रात्री नऊपर्यंत रेंगाळतो आणि आमच्याकडे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत जेमतेम दोन तासांचे अंतर असते, हेही त्यांनी पाहिले असावे. परंतु पाहणे आणि ध्यानात घेणे यांतले अंतर मात्र दोन तासांहून पुष्कळ मोठे असते.

“लोक उशिरा उठतात, सकाळचा उजेड झोपेत घालवतात आणि रात्री रॉकेल जाळतात,” साहेब म्हणाले. “घड्याळ सरकवले की तेच लोक तासभर आधी उठतात, तासभर आधी कामातून सुटतात आणि उजेडाचा एक तास त्यांच्या पदरात पडतो. यात वाईट काय?”

“उठवायचे असेल तर लवकर उठा, असे सांगावे. त्यासाठी घड्याळाला खोटे बोलायला लावणे—”

“सांगून जगात कोण उठले आहे? तुम्ही तरी उठता?”

“मी साडेचारला उठतो.”

“म्हणजे आता साडेपाचला.” पलीकडच्या बाजूने सर्व्हिस करायला उभे असलेले डॉक्टर मोठ्याने हसले. साहेब माझ्याच निवेदनाने वारा घेऊ लागले.

“निदान नववे कलम तेवढे वाचावे,” मी म्हणालो.

“वाचीन. आणि हे ऐका. उद्यापासून कोणत्याही सरकारी कागदावर, पाटीवर, फळ्यावर ‘नवी वेळ’, ‘जुनी वेळ’, ‘बंदरची वेळ’ असले शब्द दिसता कामा नयेत. दोन शब्द राहिले की दोन वेळा राहतात. या संस्थानात वेळ एकच.”

तसा लेखी हुकूम दुसऱ्या दिवशी निघाला. माझ्या निवेदनाला मिळालेले उत्तर ते एवढेच.

नवव्या कलमात उताराचा विषय होता. आमच्या बंदराला लागून खाडी होती आणि खाडीच्या पलीकडे इंग्रजी मुलूख, म्हणजे खालसा. पूल नव्हता. ओहोटीला खाडीचा तळ दोन तास उघडा पडे आणि तेवढ्या वेळात बैलगाड्या वाळूतून पार होत. त्या वाटेला उतार म्हणत. उताराची देखरेख जुन्या तहनाम्याप्रमाणे दोन्ही काठांवर आमच्याच संस्थानाकडे होती. दोन्ही काठांवर पत्र्याच्या छपराखाली एकेक फळा होता आणि दुसऱ्या दिवशी उतार किती ते किती वाजेपर्यंत चालू राहील, हे त्यांवर खडूने लिहिण्याचे काम बंदर कचेरीचा कारकून म्हणून माझ्याकडे होते.

हिशेब अवघड नव्हता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्या किनाऱ्यावर नांगर टाकणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. तीन वाजता भरती, नऊ वाजता ओहोटी, म्हणून उतार आठ ते दहा. हे वाजणे अर्थात खऱ्या घड्याळाचे. दिवाणसाहेबांच्या घड्याळाने तोच उतार नऊ ते अकरा.

आता मुद्दा असा होता की पलीकडच्या काठावर दिवाणसाहेबांचे घड्याळ चालत नव्हते. खालसात वेळ होती तीच राहिली होती. तिथल्या फळ्यावर आमचे ‘नऊ ते अकरा’ नुसतेच लिहिले, तर तिकडून येणारा माणूस त्याच्या घड्याळाने पावणेअकरालाही गाडी वाळूत घालील, आणि तोवर उतार बंद होऊन पाऊण तास झालेला असेल. नववे कलम एवढेच सांगत होते. ते मी सहा ओळींत, एकही शब्द वावगा न वापरता लिहिले होते.

दीड महिना काहीही झाले नाही, हे मला मान्य केले पाहिजे. गाडीवाले फळा वाचतच नसत. त्यांना वाचता येत नव्हते. ते पाणी पाहत आणि जात. माझे सगळे युक्तिवाद अशा रीतीने निरक्षरतेच्या कृपेने निष्फळ ठरत होते, आणि ती निरक्षरता घालवण्याचे कामही माझ्याच गळ्यात आले होते.

ती दिवाणसाहेबांची दुसरी कल्पना. उजेडाचा एक तास मिळाला आहे, तर त्यात बंदरावरच्या प्रौढांनी अक्षरओळख करून घ्यावी. दिवा नको, तेल नको. वखारीच्या ओट्यावर रोज साडेसहाला वर्ग भरे. शिकवणारा मी. बावीस माणसे येत: हमाल, नावाडी, दोन न्हावी, आणि धाकू पाष्टे.

धाकू गाडीवान होता. वय चाळीसच्या आसपास, अंगाने सडसडीत, आवाज असा की कुजबुजला तरी पलीकडच्या काठाला ऐकू जावा. घर बंदरातच, गाडी स्वतःची, आणि बैलांची जोडी—पोवळ्या आणि बाळ्या—तिच्याबद्दल तो ज्या तपशिलाने बोले, त्या तपशिलाने लोक मुलांबद्दलही बोलत नाहीत. आठवड्यातून तीनदा तो माल घेऊन खालसातल्या मोटार-नाक्यावर जाई, रात्री तिथेच राही आणि सकाळच्या उताराने परत येई.

“मास्तर, आमच्या पोवळ्यालाबी घेऊ का वर्गात?” पहिल्याच दिवशी त्याने विचारले. “माज्यापरीस हुशार हाय.”

“बैलाला पाटी कोण धरून देणार?”

“तुमी धरा की. माजी धरताच न्हवं.”

सगळा ओटा हसला. मी हसलो नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गाला जाताना माझी पावले भरभर पडत होती, हे मला आठवते.

धाकूला अक्षरे हवी होती ती टपालाच्या मक्त्यासाठी. नाक्यावर मोटारीने येणारी टपालाची पोती उतारावरून बंदरात आणण्याचा मक्ता निघायचा होता. अट अशी की गाडीवानाला चलन वाचता यावे, सही करता यावी, आणि त्याने फळ्यावरील वेळेप्रमाणेच उतार ओलांडावा. स्वतःच्या अंदाजाने नव्हे. पावसाळ्यात गाडी बसून राहते तेव्हाही टपाल बसत नाही, म्हणून हा मक्ता म्हणजे बारमाही चूल. धाकू दीड महिन्यात अंक वाचू लागला, चलन बोट ठेवून वाचू लागला, आणि सही तर अशी करू लागला की मला तिचा हेवा वाटावा. महिन्याभराच्या चाचणीवर मक्ता त्याला मिळाला. टपालाची पहिली खेप चैत्र शुद्ध चतुर्थीला यायची होती.

तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे द्वितीयेला, दिवाणसाहेब वर्ग पाहायला आले. टेनिसचे पांढरे कपडे तसेच अंगावर. ओट्याच्या कडेला उभे राहून त्यांनी बावीस माणसांना पाट्यांवर वाकलेले पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते पाहून माझ्या मस्तकात तिडीक गेली. जणू सूर्य त्यांनीच विकत घेऊन दिला होता.

“काय धाकू, जमते का?” त्यांनी विचारले.

“जमतं, साहेब. उद्या सकाळी नाक्यावर जातोय. परवा टपाल घेऊन येतो.” मग तो माझ्याकडे वळला. “मास्तर, येक इचारू? पैल्याड फळ्यावर तुमी जी वेळ लिवता, ती हितली का नाक्यावरची?”

प्रश्न अगदी नेमका होता. सतरा कलमांचा मजकूर त्या माणसाने एका वाक्यात आणून ठेवला होता. मी दिवाणसाहेबांकडे पाहिले. ते ऐकत होते आणि हसत होते. प्रश्न त्यांच्या डोक्यावरून गेला होता.

“धाकू,” मी स्पष्ट आवाजात म्हणालो, “वेळ एकच असते. फळ्यावर जी लिहिलेली असेल ती. संस्थानचा तसा हुकूमच आहे.”

“म्हंजी फळ्यावरचीच धरायची?”

“फळ्यावरचीच.”

“झ्याक,” धाकू म्हणाला. दिवाणसाहेबांनी मान डोलावली आणि ते खेळायला गेले.

तृतीयेला सायंकाळी मी पलीकडचा फळा लिहायला होडीतून निघालो. होडी इसाक सोलकराची. इसाक तांडेल म्हणूनच तो सर्वांना माहीत होता. वीस वर्षे गलबतावर काढून आता तो उताराचा राखणदार झाला होता आणि कचेरीच्या पायऱ्यांशी झोपडीत राहत होता. दाढी पांढरी, जीभ तिखट.

मी जुना मजकूर पुसला आणि लिहिले: ‘उद्या उतार सकाळी ९ ते ११’.

इसाक मागे उभा होता. त्याला वाचता येत नव्हते, पण अंक ओळखत असे. “खाली अजून लिव,” तो म्हणाला.

“काय?”

“बंदरची वेळ. येवढाच. दोन शब्दांनी तुजा खडू झिजंल काय?”

“तसा हुकूम नाही, तांडेल. उलट मनाई आहे.”

“पानी दिवानाचा नोकर हाय काय? त्याला मनाई लागू हाय?”

“हेच तर मी लिहून दिले होते.”

“कागदावर दिलंस. आता हितं दे.” त्याने फळ्यावर बोट ठेवले. “धाकू उद्या नाक्याच्या घड्याळानं येनार.”

“धाकू वीस वर्षे हा उतार ओलांडतो आहे. पाणी दिसते त्याला.”

“दिसायचा. आता तू त्याला वाचायला शिकवलंस ना.”

मी खडू खिशात ठेवला. परत येताना इसाक वल्ही अशी मारत होता की माझे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले.

चतुर्थीला मी कचेरीत लवकर गेलो. खिडकीत दुर्बीण होती, गलबते पाहण्याची. कचेरीच्या घड्याळाने अकरा ठोके दिले. खालसात त्या क्षणी दहा वाजले होते आणि उतार संपला होता. पलीकडच्या काठावर कोणी नव्हते. मला वाटले, धाकू आधीच आला असेल किंवा शहाणपणाने थांबला असेल. खरे सांगायचे तर मला किंचित निराशाही वाटली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी गाडी दिसली. फळ्यापाशी ती थांबली. धाकू खाली उतरला, फळ्यासमोर उभा राहिला, मग पाण्याच्या कडेला गेला, पुन्हा फळ्याकडे आला. दुर्बिणीतून मला त्याचे बोट दिसत होते. अक्षरांखालून सरकत होते. मग तो गाडीवर चढला आणि त्याने बैल वाळूत घातले.

मी शिपायाला हाक मारली. “बंगल्यावर धाव. दिवाणसाहेबांना म्हणावे, असतील तसे या. उतारावर टपालाची गाडी अडकते आहे.”

शिपाई धावत सुटला. मी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली.

मधल्या खोलगट भागात पाणी आधी भरते. गाडी तिथपर्यंत आली तेव्हा चाकांचे आरे निम्मे बुडाले होते. धाकूने बैल वळवायचा प्रयत्न केला आणि तिथेच घात झाला. उजवे चाक वाळूत रुतले. मग सगळे फार वेगाने झाले. शुद्ध चतुर्थीचे पाणी, त्याला अजून उधाणाचा जोर होता. धाकूने उडी घेऊन बाळ्याच्या गळ्याची दोरी कापली. तो पोहत सुटला. पोवळ्याचे दावे चाकाखाली गेले होते. धाकू दोनदा पाण्याखाली गेला आणि दोनदा वर आला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याने टपालाची दोन पोती ओढून डोक्यावर घेतली आणि गाडीच्या साटीवर उभा राहिला. पाणी त्याच्या कमरेला होते. पोवळ्याचे शिंग काही वेळ दिसत होते.

“होडी कुठे आहे? तांडेल कुठे आहे?”

दिवाणसाहेब पायऱ्यांवरून ओरडत होते. अनवाणी होते, अंगात नुसता सदरा. टेकडीवरच्या बंगल्यापासून धावत आले होते. इसाक झोपडीमागे जाळे शिवत बसला होता. तिथून उतार दिसत नसे. ओरडणे ऐकून तो बाहेर आला, एकदा खाडीकडे पाहिले, एकदा माझ्या खिडकीकडे पाहिले आणि होडी लोटली. दिवाणसाहेब त्याच्याबरोबर चढले. त्यांना वल्हवता येत नव्हते. हातांनी पाणी मारत होते.

धाकू वाचला. बाळ्या वाचला. टपाल कोरडे राहिले.

आठव्या दिवशी खालसातून मामलेदार चौकशीला आले, बरोबर टपालखात्याचे इन्स्पेक्टर. चौकशी आमच्याच कचेरीत भरली. मी निवेदनाची प्रत आणि दिवाणसाहेबांचा हुकूम एकाला एक टाचून ठेवला होता. मामलेदारांनी नववे कलम दोनदा वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे आदराने पाहिले.

“हे तुम्ही दोन महिने आधी लिहिले होते?”

“होय.”

“शब्दन् शब्द तसेच झाले की हो.”

त्या वेळी माझ्या मनात काय होते, ते लिहिण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे. अभिमान होता. दुसरे काहीतरी असावे, अशी आजवर फार इच्छा झाली.

दिवाणसाहेब उभे राहिले. “हुकूम माझा. दोषही माझ्या हुकुमाचा आहे. तसे लिहून घ्यावे,” ते म्हणाले आणि बसले. मला हे नाटकी वाटले.

मग धाकूला आत बोलावले. उजव्या हाताला फडके गुंडाळलेले.

“तू बंदरात राहतोस,” मामलेदार म्हणाले. “इथे एक वेळ आणि तिकडे एक, हे तुला माहीत होते. मग फळ्यावरची वेळ कोणती, हे कोणाला विचारले नाहीस?”

धाकूने माझ्याकडे पाहिले. राग नव्हता त्या पाहण्यात. वर्गात एखादे अक्षर अडले की तो जसा माझ्याकडे पाही, तसाच.

“न्हाय, साहेब,” तो म्हणाला. “इचारलं न्हाय.”

“का?”

“सुचलं न्हाय. अडानी मानूस. आकडं लावायच्या नादात ऱ्हायलं.”

“पाणी दिसत नव्हते का?”

“दिसत हुतं की. वळवावी गाडी, असंबी वाटलं. पर लिवलेलं हुतं ना, साहेब.”

इन्स्पेक्टरांनी टिपून घेतले: गाडीवान वेळेचा विचार करण्यास असमर्थ, मक्त्यास अयोग्य. कागद सहीसाठी पुढे आला. दौत सरकवून मी टाक धाकूच्या हाती देऊ लागलो. त्याने टाक घेतला नाही. डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि उठवला.

सगळे गेल्यावर दिवाणसाहेबांनी मला थांबवून घेतले. ते खिडकीपाशी उभे होते, दुर्बिणीशेजारी.

“त्याने विचारले होते, आठल्ये. वर्गात. माझ्यासमोर. मला तेव्हा प्रश्न समजला नाही, म्हणून मी हसलो. तुम्हाला समजला होता.”

“मग चौकशीत आपण बोलायचे होते.”

“बोललो असतो तर ते तुमच्यावर ढकलणे झाले असते. त्याने स्वतःच नाही म्हटल्यावर मी काय बोलणार?” त्यांनी दुर्बीण पलीकडच्या फळ्याकडे वळवली. “फळ्यावर दोन शब्द का लिहिले नाहीत?”

“मनाई होती. आपलीच.”

“होती. आणखी एक विचारतो. त्या दिवशी शिपाई आधी माझ्याकडे पाठवलात. बंगला टेकडीवर आहे. तांडेलाची झोपडी या पायऱ्यांशी आहे; खिडकीतून हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेली असती.”

बाहेर इसाक होडीतले पाणी उपसत होता. डबा होडीच्या तळाला घासल्याचा आवाज येत होता.

“मी येऊन पाहावे, म्हणून ना?” दिवाणसाहेब म्हणाले.

“मला वाटले टपाल भिजेल,” मी म्हणालो. “फार तर पोती वाहून जातील. इतकेच होईल, असा माझा अंदाज होता.”

“मी मूर्ख आहे, हे आपण सिद्ध केलेत. मला मान्य आहे.” त्यांनी दुर्बिणीवर झाकण बसवले. “मूर्खाने जे केले, ते न कळून केले.”

पुढच्या सोमवारी घड्याळे एक तास मागे आली. ती फिरवण्याचा मान महाराजांनी मला दिला. शुक्रवारी दिवाणसाहेब संस्थान सोडून गेले. मैदानावरची जाळी कोणी काढली नाही, ती पावसात कुजली. वखारीच्या ओट्यावर साडेसहाला बावीसांतले नऊजण आले. पाऊण तासात अंधार झाला. दिव्याला तेल मंजूर नव्हते. दुसऱ्या आठवड्यात चार आले आणि त्यानंतर मीच जायचा थांबलो.

धाकूकडे मी गेलो तो त्याच सुमारास. एका बैलावर गाडी चालत नाही; त्याने बाळ्या विकला होता आणि तो वखारीत ओझी उचलू लागला होता. अंगणात बसून तो मातीच्या भांड्यात तंबाखू चुरत होता. मला पाहून उठला, आतून पाट आणवला.

“मी मामलेदारांना लिहितो आहे,” मी म्हणालो. “तू मला विचारले होतेस, आणि मी मुद्दाम सांगितले नाही, असे. मग तुझ्यावरचा शेरा निघेल. मक्ता कदाचित परत—”

“आता काय करता लिवून?”

“खरे काय ते कळू दे.”

“तुमची नोकरी जाईल की.”

“जाऊ दे.”

“तवाच जानार हुती, म्हनून तर मी बोललो न्हाय.” तो तंबाखू चुरत राहिला. “माजा बैल ग्येलाच हुता. म्हटलं, आनखी येका मानसाला कशाला बुडवायचं. मास्तर हाय आपला.”

“तू खोटे बोललास माझ्यासाठी.”

“बोललो. सगळ्यांच्या देखत बोललो. आता तुमी खरं लिवलंत, तर खोटा कोन ठरंल? मीच ना? बैल ग्येला, मक्ता ग्येला, मास्तर. धाकू पाष्टे खोटं बोलला, येवढं तरी कुनी म्हनू नये.”

मी पत्र पाठवले नाही. पुढे बंदर-अधिकारी झालो, संस्थान विलीन झाले, उतारावर पूल आला, मी पेन्शनीत निघालो. त्या प्रसंगाचा विषय निघाला की लोक माझे नववे कलम अजून काढीत आणि मी ते त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवीत असे.

गेल्या वैशाखात धाकू पाष्टे वारला. आता हे खरे लिहू का, असे त्याच्या घरच्यांना मी विचारून घेतले. त्यांची हरकत नाही.